नागम्माच्या वाकड्या विड्या

मी जेऊरच्या हायस्कुलात मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांनी जन्माला घातलेल्या माणसांच्या गोष्टी लिहिते. टीव्हीवर 'कुरणवाडीचा दवाखाना' नावाची एक मालिका लागायची. खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर वैदेही येते. तिथला जुना कंपाउंडर गेनबा तिला आधी पाण्यात बघतो आणि पुढे तिच्यावाचून त्याचं पान हलत नाही. शेवटी तिच्या बदलीचं पाकीट येतं आणि गेनबा ते औषधाच्या कपाटात लपवून ठेवतो. एवढं दाखवलं आणि वाहिनीने मालिका बंद केली. डॉक्टर गेली का राहिली, पाकीट सापडलं का, काही पत्ता नाही. ताटावरून उठवावं तसं झालं.

मग आम्ही काही जणांनी व्हॉट्सॲपवर 'कुरणवाडीकर' नावाचा गट केला आणि पुढचं आपापलं लिहायला लागलो. आता गटात एकशेचाळीस माणसं आहेत. याला फॅन फिक्शन म्हणतात हे मला नंतर कळलं. आमचे हेडसर याला रिकामटेकडेपणा म्हणतात.

दिवाळीत आमचा एक उपक्रम असतो, त्याचं नाव 'फराळाचा डबा'. कोजागरीपर्यंत ज्याने त्याने आपल्याला कसली गोष्ट हवी ते मला कळवायचं. कुणाला गेनबाचं लहानपण हवं असतं, कुणाला डॉक्टरची आई. मी चिठ्ठ्या टाकून नावं वाटून देते. प्रत्येकाने आपल्या वाट्याला आलेल्या माणसासाठी गोष्ट लिहायची आणि भाऊबीजेपर्यंत पोचवायची. ती गटावर नुसत्या नंबराने पडते, नाव नाही. नावं उघडायची तुळशीच्या लग्नाला. मधल्या आठ-दहा दिवसांत लोक वाचतात आणि आवडलेल्या डब्यांच्या शिफारशी पाठवतात. गटाची प्रमुख मी असल्यामुळे कोणता डबा कुणाचा हे मला एकटीला माहीत असतं. हे सुख मी तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवून खाते.

शिफारशी पुष्कळ येत. 'अप्रतिम', 'डोळे पाणावले', तीन फुलं आणि दोन हात जोडलेले. त्याने कुणाचं पोट भरत नसे. सगळे वाट बघत ती सोलापूरच्या नागम्माताईंची. त्या कधी लिहीत नसत, बोलून पाठवत. आवाज जाडसर, मराठीला तेलुगू वळण, आणि मागे कात्रीचा कचकच आवाज. त्या विडी कामगार. डबा ऐन रंगात आला की हातातली विडी बिघडते, हे त्यांचं माप.

"डबा नंबर चार. ह्यात गेनबाची आई येती. लई बोलत न्हाई. भाकरी थापता थापता डॉक्टरला इचारती, तुज्या आईला भेटून किती दिस झालं गं? तितं माझ्या पाच विड्या बिघडल्या. बगा सगळ्यांनी."

"डबा नंबर अकरा. सुरवातीला पावसाचं लई लिवलंय, त्ये सोडा. पाकीट घावतंय तितनं धरा. तीन विड्या."

हे ऐकून माणसं तो डबा उघडत. ज्याच्या गोष्टीला पाच विड्या पडल्या तो वर्षभर गटात मान ताठ करून वावरे. त्या खरंच विड्या वळताना मोजतात, का ही नुसती बोलायची पद्धत, यावर गटात वादही झाला होता.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा? तीन वर्षांत माझ्या गोष्टीला एकही विडी पडली नव्हती. बरं, त्यांनी वगळलं असतं तरी मी मनाची समजूत घातली असती. दुसऱ्या वर्षी त्या म्हणाल्या, "डबा नंबर सहा. चांगली हाय. चूक काडाय जागा न्हाई. विडी एकबी न्हाई." सहा नंबर माझा होता. मी बीए, एमए, बीएड. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या अजून उतरल्या नव्हत्या.

अशात गेल्या वर्षीच्या दिवाळीला ते प्रकरण झालं.

डबा नंबर सतरा. श्रीपूरच्या युवराजने मागणी केली होती की डॉक्टर कुरणवाडी सोडून जाते त्या दिवसाची गोष्ट हवी. हा युवराज तिथल्या साखर कारखान्यात टाइमकीपर. उसाची कुठली गाडी किती वाजता आत आली हे लिहिणारा माणूस, त्यामुळे सगळ्याच बाबतीत काटेकोर. त्याला गोष्ट मिळाली, आवडली. चार दिवसांनी नागम्माताईंचा आवाज आला:

"डबा नंबर सतरा. यंदाचा सगळ्यात भारी. डॉक्टर पैल्या यष्टीनं गेली. गेनबा वढा वलांडून माघारी येतो, तर दवाखान्याच्या दारात तिच्या जुन्या चपला ऱ्हायलेल्या. चिखलाच्या. त्यो पाणी घेतो, आदी सोताच्या पायावर वततो, मग त्या चपला धुतो. आन पायरीवर वाळाय ठिवतो. टोकं कुटं? आतल्या बाजूला. मानूस घरात आल्यागत. नऊ विड्या गेल्या माझ्या. नऊ."

गट अर्धा तास हळहळला. मग युवराजचा मजकूर आला, कारखान्याच्या पत्रासारखा: "नागम्माताईंविषयी पूर्ण आदर आहे. परंतु सदर गोष्ट माझ्यासाठी लिहिलेली असून मी ती चार वेळा वाचली आहे. तीत चपलांचा उल्लेख कोठेही नाही. गेनबा ओढा ओलांडतो, येथे गोष्ट संपते."

लोकांनी सतरा नंबर पुन्हा उघडून पाहिला. चपला नव्हत्या. मग जुने डबे निघाले. त्याच्या मागच्या वर्षीच्या चार नंबरात गेनबाची आई होती, पण भाकरी थापता थापता विचारलेला प्रश्न नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी नागम्माताईंनी वाखाणलेला आंधळा म्हातारा तर अख्ख्या गोष्टीत नव्हता. गोष्टी लिहिणाऱ्यांना हे तेव्हाच कळलं असणार, पण न लिहिलेल्याचं कौतुक पदरात पडलं तर परत कोण करतो? सतरा नंबर लिहिणारीला मी खासगीत विचारलं, "तू चपला लिहिल्या होत्यास का गं?" ती म्हणाली, "नाही मॅडम. पण लिहायला हव्या होत्या."

गट पेटला. ताई वाचतच नाहीत, मनाला येईल ते ठोकून देतात, असं लोक म्हणू लागले. तिघांनी मागणी केली की त्यांच्या शिफारशी बंद करा. युवराजने तुळशीच्या लग्नापर्यंत खुलासा मागितला. नागम्माताईंकडून चकार शब्द नाही. फोन लावला तर कुणी उचलला नाही.

मी रविवारी सकाळची गाडी धरून सोलापूरला गेले. गटाची प्रमुख म्हणून गेले असं मी सांगत होते. खरं म्हणजे माझ्या तीन वर्षांच्या गोष्टी तरी या बाईंनी वाचल्या होत्या का, हे मला बघायचं होतं. वाचल्याच नसतील तर शून्य विड्यांचा डाग धुऊन निघणार होता.

विडी घरकुल या कामगारांच्या वसाहतीतली घरं एकसारखी. एका दारात चौकशी केली तर बाई म्हणाली, "नागम्मा? ती गोष्टीवाली? निळं दार." निळ्या दाराच्या आत भिंतीला टेकून एक साठीची बाई बसली होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. डाव्या हाताने पान धरायचं, उजव्याने चिमूटभर तंबाखू पसरायची, गुंडाळायची, टोक दुमडायचं, दोऱ्याचा वेढा, टाकली. मला बघूनही हात थांबले नाहीत.

"ऋतुजा मॅडम!" मी तोंड उघडताच त्यांनी ओळखलं. "आवाज तोच की! पिंकी, जेऊरच्या मॅडम आल्यात. चा टाक!"

सून आतून आली. पंचविशीची, सडपातळ. मला बघून तिचा चेहरा उतरला तो उतरलाच.

नागम्माताईंनी हात चालू ठेवून आपली सगळी हकिकत दहा मिनिटांत सांगितली. नऊ वर्षांच्या असताना आईशेजारी बसून विड्या वळायला लागल्या. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, तोही पुढे वारला. मुलगा महेश्वर यंत्रमागावर. आयुष्यात टीव्हीखेरीज करमणूक नाही, कारण टीव्ही बघताना हात मोकळे राहतात. कुरणवाडी बंद पडली त्या दिवशी त्यांनी वाहिनीला तेलुगूतून शिव्या दिल्या होत्या. त्या त्यांनी मला म्हणूनही दाखवल्या.

"आणि विड्या खरंच मोजता?" मी विचारलं.

त्यांनी सुपाच्या कडेला ठेवलेली वाटी दाखवली. तीत काही वाकड्यातिकड्या विड्या पडल्या होत्या. "ह्या बिगाडल्या की वाटीत. कारखान्यात तपासनारा वाकडी घेत न्हाई, वर बोलतो. गोष्ट संपली की मोजायच्या."

"सतरा नंबर तुम्ही वाचलात?"

"ऐकला की," त्या म्हणाल्या, आणि लगेच सावरल्या. "चष्मा मोडलाय माजा. म्हून सून वाचती."

चष्मा मोडलाय. शाळेत प्रगतिपुस्तकावर सही करायला आलेले पालक मला हेच सांगतात. चष्मा घरी राहिला, बाई, तुम्हीच वाचा काय लिहिलंय ते. मला सगळं कळलं आणि मी चहाचं निमित्त करून आत गेले.

पिंकी गॅसपाशी उभी होती. चहा केव्हाच उकळून आटला होता.

"चष्मा कधी नव्हताच ना?"

"न्हाई मॅडम. शाळेतच गेल्या न्हाईत त्या. सही तेवडी येती." ती बोलली तेव्हा तिचा आवाज घोगरा होता, घसा बसला होता. "पन गटातली लोकं 'ताई तुमचं वाचन दांडगं' असं लिवत्यात. त्ये मी वाचून दावलं की त्या दिवसभर खूश असत्यात. म्हून कुनाला सांगू दिलं न्हाई त्यांनी."

"आणि चपला?"

तिने पदराने ओटा पुसला. ओटा स्वच्छ होता.

पिंकी माळशिरसकडची, धनगराच्या घरातली. महेश्वर आणि ती एकाच कपड्याच्या कारखान्यात होते, तिथे जमलं आणि लग्न केलं. नागम्माताईंना ते मान्य नव्हतं. सून घरात आली, पण सासू तिच्याशी एक वर्ष बोलली नाही. भांडणसुद्धा नाही. ताट वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर स्वतः घ्यायची. मग मालिका बंद पडली, पिंकीला फोनवर आमचा गट सापडला, आणि एका दुपारी तिने हिंमत करून एक गोष्ट मोठ्याने वाचायला घेतली.

"त्या बोलायला लागल्या मॅडम. वर्सानं पैल्यांदा. 'मग?' म्हनाल्या. मग काय झालं, मग गेनबा काय म्हनला. गोष्ट संपली की पुन्हा गप. मला त्ये सोसंना. म्हून मी लांबवाय लागले. गोष्ट संपत आली की मदी एक म्हातारा घालायचा, एक चप्पल घालायची. आमच्या आज्जाला सवय हुती, मेंढरामागं चालताना असंच लांबवायचा. घरी पोचोस्तवर गोष्ट संपू द्यायचा न्हाई."

"म्हणजे तीन वर्षं त्या शिफारस करतात ती तुझी?"

"सगळी न्हाई. जितं जागा घावली तितं." मग ती माझ्या पायाशी वाकायलाच आली. "गटातलं मी त्यांना दावलं न्हाई. फोनबी उचलला न्हाई. अत्तम्माला सांगू नका. मी फशिवलं असं वाटंल त्यांना. परत बोलायच्या बंद झाल्या तर मी काय करू?"

अत्तम्मा म्हणजे तेलुगूत सासू. हा शब्द तिने स्वतःहून उचलला होता.

मी तिला वचन दिलं की मी सांगणार नाही. गटावर काहीतरी गोलमाल खुलासा टाकून देऊ असं ठरवलं. आणि मग, सांगायला लाज वाटते, मी विचारलं, "माझ्या गोष्टीत का नाही काही घातलंस?"

ती गोंधळली. "तुमच्या गोष्टीत जागाच नसती मॅडम. सगळं तुमीच सांगून टाकता. त्याला काय वाटलं, तिला काय वाटलं, त्यातनं काय शिकायचं. मी दाराशी उबी ऱ्हाते नि कडी आतनं लावलेली."

मी चहाचे कप उचलले.

बाहेर नागम्माताई माझीच वाट बघत होत्या. "मॅडम, पिंकीचा घसा बसलाय. तुमी मराटीच्या मास्तरीन. सतरा नंबर वाचून दावा की एकदा. शिकलेल्या तोंडातनं ऐकू द्या."

नाही कसं म्हणणार? मी फोन काढला आणि वाचायला लागले. चांगलं वाचते मी. आरोह, अवरोह, स्वल्पविरामाला थांबा. त्यांचे हात चालू होते. डॉक्टरची ट्रंक उचलली गेली, एसटी आली, दोन विड्या वाटीत पडल्या. डॉक्टर खिडकीतून काहीच बोलली नाही, आणखी पाच पडल्या. खरंच मोजत होत्या. गेनबा ओढ्यात उतरला, पाणी घोट्याला लागलं, तो पलीकडे चढला. गोष्ट संपली.

मी थांबले. पिंकी चौकटीला धरून उभी होती.

"चपला?" नागम्माताई म्हणाल्या.

मी फोनकडे बघितलं. काहीतरी रचायला हवं होतं. वीस वर्षं मुलांना 'कल्पनाविस्तार करा' म्हणून दहा गुणांचा प्रश्न घालते मी. मी म्हणाले, "आणि... मग त्याला दारात डॉक्टरांच्या चपला दिसल्या. त्याने त्या पाण्याने स्वच्छ धुतल्या."

"असं न्हाई," त्या म्हणाल्या. "पानी आदी सोताच्या पायावर. तुमी गाळताय मॅडम. नीट बगून वाचा."

"पुढचं नीट दिसत नाही," मी म्हणाले. म्हणजे माझाही चष्मा मोडला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. पिंकीने मान खाली घातली आणि त्या बसलेल्या घशानेच बोलायला लागली. फोन तिच्या हातात नव्हता. दारातल्या चपला, चिखल, आधी पायावर पाणी, मग चपलांवर, पायरी, टोकं आतल्या बाजूला. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

नागम्माताईंच्या हातातली विडी चुरगळली. तीन वर्षांत, मला वाटतं, पहिल्यांदाच ते हात थांबले.

"किती दिस?" त्यांनी विचारलं.

"पैल्यापासनं."

"का?"

पिंकीने मला सांगितलं होतं तेच सांगितलं, पण चार शब्दांत. "गोष्ट संपली की तुमी गप व्हायच्या."

नागम्माताईंनी चुरगळलेली विडी वाटीत टाकली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी यवड्या लांब ह्याच्यासाटी आला. गटात बोंब झाली असंल." मी मान हलवली. दिलेलं वचन असं मोडलं, माझ्या वाचनामुळेच. मग त्या पिंकीला म्हणाल्या, "फोन आन. काय लिवलंय त्ये वाच. जसं हाय तसं. मदी काय घालू नको."

पिंकीने वाचलं. 'नागम्माताईंविषयी पूर्ण आदर आहे' पासून 'मनाला येईल ते ठोकून देतात' पर्यंत सगळं. 'या बाईंना वाचता तरी येतं का?' असंही एकाने लिहिलं होतं. तिथे ती अडखळली. नागम्माताई म्हणाल्या, "हां. वाच." तिने वाचलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ओळीवरून ओळ सरकत होती. मला तिथे बसवत नव्हतं. उठवतही नव्हतं.

संपल्यावर नागम्माताईंनी हात पुसले. "बटन दाब. मी बोलते."

"अत्तम्मा, नगं. लोकं हसतील."

"दाब."

तो निरोप अजून माझ्या फोनात आहे. तो असा:

"मी नागम्मा. विडी घरकुल, सोलापूर. मला वाचाय येत न्हाई. चष्मा मोडलाय असं मी सांगत हुते, चष्मा न्हवताच. तीन वर्सं तुमच्या गोष्टी मी ऐकल्या. माझी सून पिंकी वाचती. ती मदीमदी आपल्या पदरचं घालती, त्ये मला आज कळलं. तवा माझ्या शिफारशी सगळ्या खोट्या न्हाईत आन सगळ्या खऱ्याबी न्हाईत. श्रीपूरच्या दादाचं बरोबर हाय. सतरा नंबरला नऊ विड्या म्हनलं हुतं. आज मॅडमनी जशी हाय तशी वाचली तर सात झाल्या. त्या सात ज्यानं लिवली त्याच्या. दोन माझ्या सुनेच्या. घरात फराळाचा डबा आला तर त्यो रिकामा माघारी देत न्हाईत, कायतरी घालून देत्यात. तिनं घातलं. पर कुनाच्या डब्यात कुनाचं हाय त्ये सांगाय पायजे हुतं. त्ये ऱ्हायलं. माझं बोलनं बंद करायचं तर करा. ऐकनं तेवडं बंद करू नका."

निरोप गेला. मग युवराजचं आलं: "खुलासा मिळाला. समाधानकारक आहे." आणि त्याखाली, माणूस असल्यासारखं, "ताई, चपला मला आवडल्या."

पण माझं लक्ष फोनकडे नव्हतं. पिंकी जिथे उभी होती तिथेच होती आणि नागम्माताईंनी पुन्हा सूप ओढलं होतं. पान घेतलं, कापलं, तंबाखू घेतली. एक विडी झाली, दुसरी झाली. बोलल्या नाहीत. ते अबोल्याचं वर्ष पुन्हा सुरू झालं की काय, असं मला वाटलं. पिंकीलाही तेच वाटलं असणार, कारण ती आत जायला वळली.

"कुटं चालली?" नागम्माताई म्हणाल्या. "नऊ नंबर काड. आदी जसं हाय तसं. मग तुजं."

"घसा बसलाय अत्तम्मा."

"मग हळू वाच. मला कान हायती की."

नऊ नंबर माझा होता. हे त्यांना माहीत नव्हतं, नियमाप्रमाणे सांगताही येत नव्हतं. पिंकीने तो अक्षरशः जसाच्या तसा वाचला. पंचवीस मिनिटं. वाटीत एकही विडी पडली नाही. हातच्या कंकणाला आरसा कशाला? मी समोरच बसले होते. मग "तुजं" म्हटल्यावर पिंकीने बराच वेळ विचार केला आणि माझ्याकडे चोरून बघत म्हणाली, "ह्यात न्हाई जमत अत्तम्मा." नागम्माताईंनी मान डोलावली. "व्हय. कडक हाय." परत येताना त्यांनी मला शेंगांची चटणी बांधून दिली, मी फराळ नेला होता त्या माझ्याच डब्यात.

त्यानंतर एक दिवाळी झाली. या खेपेला मी गोष्ट लिहिली आणि शेवटची दीड पानं फाडली. त्यात मी गेनबाला काय वाटलं ते सांगितलं होतं. फाडताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू? पिंकीनेही या वर्षी चिठ्ठीत स्वतःच्या नावाने भाग घेतला. युवराजने स्वतःच्या आवाजात वाचून गोष्ट पाठवली, ती ऐकताना गाड्यांच्या नोंदी ऐकल्यासारखं वाटतं, पण त्याचं बघून आता निम्मा गट तसं करतो.

तुळशीच्या लग्नाला नावं उघडली आणि त्या संध्याकाळी नागम्माताईंचा निरोप आला. आता त्या दोन आकडे सांगतात, एक लिहिणाऱ्याचा, एक सुनेचा.

"डबा नंबर बारा. जेऊरच्या मॅडमचा निगाला. चार विड्या. एक पिंकीची, तीन मॅडमच्या." माझ्या तीन. मी तो भाग पाच वेळा ऐकला आणि हेडसरांनाही ऐकवला. त्यांना काही समजलं नाही.

निरोपाच्या शेवटी त्या म्हणाल्या, "डबा नंबर एकवीस माझ्या सुनंचा निगाला. घरच्या डब्याची शिफारस मी करत नसते. त्ये बरं दिसत न्हाई. त्यो ऐकला त्या दिवशीच्या निम्म्या विड्या कारखान्यातनं माघारी आल्या, यवडंच सांगते."